भिंतीचा रंग

पावसाळा सरला, कीं दिवाळीपूर्वीं घर रंगविण्याची लगबग सुरू होते. चुन्याची सफेदी पुष्कळांस आतां हलकी वाटते. भिंतीस टेकतांच पाठ पांढरी होणें कोणास आवडेल? म्हणून तेलाचा चकचकीत रंग आणविला जातो. परंतु दगडविटांच्या, चुन्यांत बांधलेल्या जुन्या भिंतीस हा थाट मानवत नाहीं. अशी भिंत ओल शोषते आणि कोरड्या दिवसांत ती हवेंत सोडते. तेलाच्या रंगानें ही वाट बुजते. ओल आंत कोंडते, क्षार फुलतात, पोपडे सुटतात. दोष मात्र बिचाऱ्या रंगाऱ्यावर येतो!

चुना हवेंतील कर्बाम्लवायु घेऊन पुनः चुनखडीचें रूप धारण करतो, म्हणूनच तो भिंतीस धरतो. कळीचा चुना विरवून गाळावा. विरतांना तो उकळतो व डोळ्यांत उडाल्यास घात करतो. मुलांस तेथें फिरकूं देऊं नये. एका दाट हातापेक्षां तीन पातळ हात बरे. किंचित् नीळ घातल्यानें पिवळेपणा जातो, थोडा सरस घातल्यानें चुना अंगास कमी लागतो. पूर्वीं तेलाचा रंग दिलेला असल्यास तो आधीं खरवडावा.

राहिल्या तसबिरी. रविवर्म्याचा छापखाना १८९४ सालीं मुंबईंत निघाला आणि देवादिकांचीं चित्रें घरोघर गेलीं, तें चांगलेंच झालें. पण म्हणून तसूभरही भिंत मोकळी ठेवूं नये कीं काय? दमट भिंतीवर तसबीर लावावयाचीच, तर चौकटीमागें बुचाचे तुकडे चिकटवावे, म्हणजे मागून हवा खेळते व कागदास डाग पडत नाहींत.