हाती असलेली नोकरी

(तालुक्यातील दिव्यांग मेळाव्यात माहिती खात्याच्या प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



अशा मेळाव्यांतून दिव्यांग व्यक्तींना नोकरी कशी मिळेल याविषयी पुष्कळ बोलले जाते, आणि ते योग्यच आहे. १९९५ च्या कायद्याने सरकारी नोकरीत तीन टक्के जागा राखून ठेवल्या. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने त्या चार टक्के केल्या. मला मात्र आज बोलावयाचे आहे ते हाती असलेली नोकरी सुटू न देण्याविषयी. अपंगत्व जन्मतःच येते असे नाही. पन्नाशीच्या आत मधुमेहाने दृष्टी मंदावते, पक्षाघाताने उजवा हात लुळा पडतो, दुचाकीच्या अपघातात पाय गमवावा लागतो. असा माणूस रजा संपवून कामावर येतो त्या दिवशी त्याचे काय होते, हा माझा विषय.

एक जुनी गोष्ट सांगतो. २००८ साली मी नुकताच नोकरीला लागलो होतो. ओळखीच्या एका कार्यालयात एक वडीलधारे कारकून होते. आम्ही सारे त्यांना काका म्हणत असू. त्यांची नजर झपाट्याने अधू होत गेली. नोंदवहीतील ओळी एकमेकींत मिसळू लागल्या. त्यांना कोणी काढून टाकले नाही. वरिष्ठांनी सहानुभूतीनेच सुचविले की, किती दिवस हा त्रास काढणार, आता घरी विश्रांती घ्यावी. घरच्यांनाही ते पटले. काका माझ्याकडे आले व म्हणाले, "तू बी. ए. झालेला, तुझी भाषा चांगली. राजीनामा तूच लिहून दे." मी लिहून दिला. त्यात "स्वखुशीने" हा शब्द मीच घातला. त्यांची सेवा तेव्हा अठरा वर्षांची झाली होती. निवृत्तिवेतनाच्या नियमांप्रमाणे राजीनामा दिला की मागील सेवा जप्त होते, हे त्यांना ठाऊक नव्हते आणि मलाही नव्हते.

पुढे तीन वर्षांनी एका माहितीपत्रकाचा अनुवाद करताना १९९५ च्या कायद्याचे कलम ४७ माझ्या वाचनात आले. नोकरीत असताना ज्याला अपंगत्व आले त्याला सेवेतून कमी करता येत नाही, त्याची पदावनती करता येत नाही. जुने काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत व त्याच लाभांसह त्याला दुसरे काम द्यावे लागते. तेही नसेल तर योग्य जागा मिळेपर्यंत किंवा निवृत्तीच्या वयापर्यंत त्याच्यासाठी अधिसंख्य पद ठेवावे लागते. काकांनी राजीनामा दिला त्या दिवशी हे कलम अमलात येऊन बारा वर्षे झाली होती. त्या रात्री मला झोप आली नाही, एवढेच सांगतो.

आज हीच तरतूद २०१६ च्या अधिनियमाच्या कलम २० मध्ये आहे. न्यायालयांनीही ती वेळोवेळी उचलून धरली आहे. सेवा बजावीत असता दुखापत होऊन ज्याचा पाय कापावा लागला अशा एका शिपायाला अपात्र ठरवून घरी पाठविण्यात आले होते. २००३ साली कुणाल सिंग विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला कलम ४७ चा लाभ दिला. २०२५ साली तेलंगणातील राज्य परिवहन महामंडळाच्या एका चालकाचा प्रश्न आला. रंगांधळेपणामुळे त्याला बस चालविता येईना. त्याला दुसरे योग्य काम द्यावे, असा आदेश झाला.

परंतु हजेरीपटावर नाव राहिले म्हणजे नोकरी टिकली असे नव्हे. पगार चालू आणि टेबल रिकामे, अशा अवस्थेत बसवून ठेवलेला माणूस थोड्याच दिवसांत आपण होऊन निघून जातो. म्हणून अधिनियमात आणखी एक कल्पना आली आहे. तिला आपण "वाजवी सोय" म्हणू. कार्यालयावर अवाजवी बोजा न पडता जे फेरफार करता येतात ते केलेच पाहिजेत. ते नाकारणे हाच भेदभाव समजला जातो.

हे फेरफार बहुधा लहान असतात, पण विचारपूर्वक करावे लागतात. दृष्टिहीनांसाठी एनव्हीडीए नावाची संगणकप्रणाली विनामूल्य मिळते. पडद्यावरील मजकूर ती मोठ्याने वाचून दाखविते. योग्य आवाज बसविला तर मराठीही वाचते. मात्र तो मजकूर युनिकोडमध्ये टंकलिखित असावा लागतो. जुन्या फॉन्टमधील टिपणी तिला निरर्थक अक्षरांचा ढीग वाटते, आणि परिपत्रकाचे नुसते छायाचित्र पाठविले तर ती मुकी होते. म्हणजे एका सहकाऱ्याची सोय करावयाची तर बाकीच्या सर्व टेबलांनी आपली सवय बदलली पाहिजे. यंत्र आणून देण्यापेक्षा हे अवघड आहे. (पाट्यांवरील "अपंग" हा शब्द पुसून "दिव्यांग" लिहिणे आपल्याला फार लवकर जमले!)

शिक्षकांचे उदाहरण घ्या. ऐकू कमी येऊ लागलेल्या शिक्षकाचे श्रवणयंत्र मुलांच्या आवाजाबरोबर पंख्याची घरघर आणि पत्र्यावरचा पाऊसही मोठा करते. आपल्याकडील आषाढ-श्रावणात याचा अर्थ काय होतो ते निराळे सांगावयास नको. त्यांना रस्त्यापासून दूरचा वर्ग द्यावा, मुलांना अर्धवर्तुळात बसवावे म्हणजे ओठ दिसतात, बैठकीतील सूचना लेखी द्याव्यात. यांपैकी कशालाही मुख्याध्यापकांना वरून मंजुरी मागावी लागत नाही.

उताराचेही तसेच. एक फूट चढण्यास बारा फूट लांबी, हे प्रमाण. सहा-सहा इंचांच्या तीन चिरेबंदी पायऱ्या असतील तर अठरा फूट उतार हवा. पुष्कळ ठिकाणी सहा फुटांत तो आटोपलेला दिसतो. त्यावरून चाकाची खुर्ची नेऊन पाहावी म्हणजे तो ठेकेदाराच्या बिलासाठी बांधला की माणसासाठी, ते कळेल.

बदली हा आणखी एक धोका. टेबल, वेळ, संगणक सारे जुळून येते आणि बदलीचा हुकूम निघतो, किंवा वरिष्ठ बदलतात व तोंडी ठरलेले सारे पुसले जाते. केंद्र सरकारच्या कार्मिक विभागाने मार्च २०१४ मध्ये आपल्या कार्यालयांना दिलेल्या सूचनांत साहाय्यक साधने, प्रशिक्षण व बदलीतील प्राधान्य यांचा उल्लेख आहे. तेव्हा जी सोय ठरेल ती कागदावर आणावी.

खाजगी नोकरीत, म्हणजे दुकानात, हॉटेलात, काजूच्या कारखान्यात हे संरक्षण इतके भक्कम नाही, हे लपविणे बरे नव्हे. कलम २० मधील सेवेतून कमी न करण्याची हमी सरकारी आस्थापनांपुरती आहे. तरीही भेदभाव करण्यास खाजगी मालकालाही मनाई आहे आणि समान संधीचे धोरण जाहीर करणे त्यालाही बंधनकारक आहे. ते धोरण दाखवा, असे कामगाराने निःसंकोच विचारावे.

आणि घरच्या मंडळींना विनंती. दुखण्याच्या पहिल्या काही महिन्यांत कोणत्याही राजीनाम्यावर सही होऊ देऊ नका. आधी अपंगत्वाचे प्रमाणपत्र घ्या. मग कार्यालयप्रमुखांना अर्ज करा. काय जमत नाही ते एका ओळीत आणि काय दिले तर काम जमेल ते सविस्तर लिहा. प्रत्येक सरकारी आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असावा लागतो, त्याला प्रत द्या. तेथे दाद न लागल्यास राज्य दिव्यांग आयुक्तांकडे जाता येते.

सभा संपल्यावर मी मंडपाच्या दाराशी कागद-पेन घेऊन बसणार आहे. ज्यांना अर्ज लिहून हवा असेल त्यांनी यावे.