दुबईला निघताना औषधं तपासा

दुबईत लेकाकडे निघालेले आईबाबा लोणच्या-पापडांसोबत गुडघेदुखीच्या गोळ्याही बॅगेत टाकतात. त्यांत ट्रॅमाडॉल किंवा कोडीन असेल, तर सावधान! संयुक्त अरब अमिरातीत ही औषधं नियंत्रित आहेत. तिथल्या सरकारची ऑनलाइन पूर्वपरवानगी घ्या, डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवा. भारतातही २०१८ पासून ट्रॅमाडॉल अमली पदार्थ कायद्याखाली आहे.

ही अफूवर्गीय औषधं वेदना शमवतात. पण सवय जडली की डोस वाढतो, अतिमात्रेत श्वासही मंदावतो. मात्र गोळी एकदम थांबवू नका. डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करा. सांधेदुखीवर व्यायाम, फिजिओथेरपी उपयोगी पडते. सवयीचं व्यसन झालंच, तर अमिरातीत उपचारही मिळतात: व्यसनमुक्तीसाठी अबूधाबीत २००२ मध्ये राष्ट्रीय पुनर्वसन केंद्र स्थापन झालं. अमिरातीच्या २०२१ च्या कायद्यानुसार, पकडलं जाण्याआधी स्वतःहून उपचार मागणाऱ्या व्यसनग्रस्तावर खटला भरला जात नाही.