चुंबकाची ओढ आणि गारवा

घरांत रबराची एखादी रुंद पट्टी असेल, तर ती चटकन् ताणून लगेच ओठांस लावून पाहावी. ती किंचित् कोमट लागते. तशीच ताणलेली ती क्षणभर निवूं द्यावी आणि मग एकदम सैल सोडून पुन्हां ओठांस लावावी. आतां ती गार लागते. रबरास ना विस्तव दाखविला, ना बर्फ. केवळ ताण दिला आणि काढून घेतला. कित्येक धातु व क्षार चुंबकाच्या ओढीनें असेंच वागतात. चुंबकक्षेत्रांत नेतांच ते तापतात, क्षेत्रांतून काढतांच निवतात. मग या क्षेत्राचें बळ वाढवीत नेलें, तर ऊब आणि गारवा त्याच मानानें वाढत जातील काय? आजच्या भाषणाचा विषय हाच आहे.

हा गुण स्पष्टपणें नजरेस आला तो १९१७ सालीं. पियेर वाइस आणि ऑग्युस्त पिकार हे दोघे शास्त्रज्ञ निकेल धातूचा अभ्यास करीत होते. यांतील पिकार म्हणजे पुढें १९३१ सालीं फुग्यांतून वातावरणाच्या वरच्या थरांत चढून गेलेले तेच गृहस्थ. ३५४ अंश सेंटिग्रेडच्या आसपास निकेलवर १५,००० गौसचें क्षेत्र लावतांच तें ०.७ अंशानें तापलें, आणि क्षेत्र काढतांच ती वाढ नाहींशी झाली. पृथ्वीचें चुंबकक्षेत्र सुमारें अर्ध्या गौसचें असतें. म्हणजे त्याच्या तीस हजार पट बळ खर्चून पदरांत पडला तो पुरता पाऊण अंशही नव्हे!

याचें कारण अणूंच्या अंगच्या सूक्ष्म चुंबकांत आहे. मधल्या सुटींत आवारांत पांगलेलीं मुलें घंटा होतांच रांगेंत उभीं राहावीं, तसे क्षेत्र येतांच हे चुंबक एका दिशेस वळतात. त्यांच्यांतील अव्यवस्था कमी होते. आणि बाहेर जावयास वाट नसेल, तर त्या अव्यवस्थेंत गुंतलेली उष्णता अणूंच्या कंपनांच्या खातीं जमा होऊन पदार्थ तापतो. क्षेत्र काढलें कीं चुंबक पुन्हां पांगतात, आणि त्यासाठीं लागणारी उष्णता कंपनांकडूनच उसनी घेतात. तापलेल्या अवस्थेंत ती ऊब बाहेर काढून घेतली आणि मग क्षेत्र दूर केलें, तर पदार्थ मूळच्याहून थंड होतो. शीतकरणाची सारी युक्ति एवढीच.

क्षेत्राचें बळ वाढविलें म्हणजे रांग अधिक सरळ होते हें खरें. पण लाभाचा हिशेब सर्वत्र एक नाहीं. निकेलसारख्या प्रत्येक पदार्थाचें एक ठराविक उष्णतामान असतें, ज्याच्या वर त्याचें स्वतःचें चुंबकत्व नाहींसें होतें. त्यास क्युरी-बिंदु म्हणतात. त्याच्या पुष्कळ वर कंपनांचा गोंधळ इतका असतो कीं दुबळ्या क्षेत्राचें कोणी ऐकत नाहीं. तेथें क्षेत्र दुप्पट केल्यास परिणाम चौपट होतो, परंतु मुळांत तो अगदींच अल्प. बिंदूच्या पुष्कळ खालीं चुंबक आपणहून रांगेंत असतात. बाहेरच्या क्षेत्रास करण्यासारखें फारसें उरत नाहीं. नेमक्या बिंदूवर मात्र ते व्यवस्था आणि अव्यवस्था यांच्या उंबरठ्यावर असतात, म्हणून परिणाम तेथें सर्वांत मोठा. पण तेथेंही सिद्धान्त असें सांगतो कीं दुप्पट क्षेत्रानें परिणाम सुमारें १.६ पटच होतो, आणि चौपट हवा असेल तर क्षेत्र आठपट करावें लागतें.

क्षेत्राचें बळ किती, याइतकेंच तें कोणत्या उष्णतामानास लावलें याला महत्त्व आहे, याची साक्ष १९३३ सालीं मिळाली. अमेरिकेंत बर्कली येथें जिओक आणि मॅक्डूगल यांनीं गॅडोलिनियम सल्फेट हा क्षार द्रवरूप हेलियमच्या साह्यानें केवल शून्याच्या वर अवघ्या दीड अंशापर्यंत निवविला, आणि मग त्यावरील ८,००० गौसचें क्षेत्र काढून घेतलें. उष्णतामान ०.२५ अंशावर उतरलें. वाइस-पिकारांच्या क्षेत्राचें हें जेमतेम अर्धें बळ. पण त्या थंडींत कंपनांची खळबळच इतकी मंद, कीं तेवढी ओढ पुरली. १९४९ सालीं जिओक यांस रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें.

आतां घरांतील शीतकपाटाचा विचार. गॅडोलिनियम धातूचा क्युरी-बिंदु सुमारें २० अंश सेंटिग्रेड, म्हणजे राहत्या खोलीच्या आसपास आहे. १०,००० गौसनें तो सुमारें ३ अंश तापतो. २०,००० नें सहा नव्हे, सुमारें पांच अंश. १९७६ सालीं अमेरिकेंतील ब्राउन यांनीं ७०,००० गौसचें क्षेत्र वापरून व द्रवाच्या साह्यानें ही क्रिया पुनःपुन्हां करून दोन टोकांत ४७ अंशांचें अंतर पाडून दाखविलें. परंतु एवढें क्षेत्र घरीं आणावयाचें कोठून? कायम चुंबकाच्या फटींत सोयीनें मिळतें तें दहा-पंधरा हजार गौस. त्याहून फार पुढें जावयाचें तर बहुधा अतिवाहक तारांचीं वेटोळीं लागतात, आणि त्यांनाच प्रथम अतिशय थंड ठेवावें लागतें. एक कपाट निवविण्यासाठीं दुसरें निवविण्याचा हा खटाटोप!

म्हणूनच संशोधकांनीं पदार्थाकडे लक्ष वळविलें. १९९७ सालीं पेचार्स्की आणि श्नाइडनर यांनीं गॅडोलिनियम, सिलिकॉन व जर्मेनियम यांचें असें संयुग पुढें आणलें, कीं ज्यांत क्षेत्रामुळें चुंबकांबरोबर स्फटिकाची घडणही पालटते आणि परिणाम कितीतरी वाढतो. मात्र हा पालट घडविण्यास क्षेत्र पुरेसें बळकट लागतें, आणि जातां-येतां कांहीं शक्ति वायां जाते. वातावरणास घातक अशा वायूंवांचून चालणारें हें शीतकपाट अद्याप घरोघरीं पोंचलेलें नाहीं, तें याच अडचणींमुळें. तें ज्या दिवशीं पोंचेल, त्या दिवशीं श्रेय केवळ बलवान् चुंबकाचें नसेल. थोडक्या ओढीस भरघोस प्रतिसाद देणाऱ्या पदार्थाचेंही असेल.