घटनादुरुस्ती : गरज आणि कुलपे
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



"घटना बदलणार" असं कुणी म्हटलं की आपल्या वस्तीत काळजात धस्स होतं. ते साहजिकच आहे. पण दुरुस्ती वेगळी आणि मोडतोड वेगळी, हे आपण समजून घेतले पाहिजे.

१९५१ साली चंपकम् दोराईराजन खटल्यात मद्रास राज्यातील कॉलेजांच्या जातवार जागा सुप्रीम कोर्टाने रद्द ठरविल्या. त्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती होऊन कलम १५(४) आले. तेव्हा कायदामंत्री कोण? बाबासाहेबच! आज आपली पोरं राखीव जागेवर डॉक्टर, इंजिनिअर होतात, त्याला आधार या कलमाचा आहे.

मग अडथळे कशाला? कलम ३६८ प्रमाणे प्रत्येक सभागृहात एकूण सदस्यांचे बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांची दोन तृतीयांश मते लागतात. काही कलमांना निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमतीही लागते. २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात कोर्टाने तिसरे कुलूप लावले: घटनेचा मूळ ढाचा संसदेलाही मोडता येणार नाही.

ही कुलपे कधी आपल्याही आड येतील. तरी घराला कुलूप हवेच. २०२३ पर्यंत १०६ दुरुस्त्या झाल्या. नवी आली की एवढंच विचारा, यात दुबळ्याचा हक्क वाढतो की घटतो? त्यासाठी घटना वाचावी लागेल. दर रविवारी वंदनेनंतर विहारात एक कलम वाचू या.

नमो बुद्धाय! जयभीम!