उच्चार राखण्यासाठी बदलणारी अक्षरे

घडून संपलेली क्रिया सांगणारा जो साधा भूतकाळ स्पॅनिश व्याकरणात ‘प्रेतेरितो’ म्हणून ओळखला जातो, त्यात काही क्रियापदांचे लेखन फक्त प्रथमपुरुषी एकवचनात बदलते, आणि एवढ्याच कारणावरून ती अनियमित क्रियापदांच्या पंक्तीत बसवली जातात. हे वर्गीकरण डोळ्यांना पटणारे असले तरी कानाला पटणारे नाही.

‘बुस्कार’ म्हणजे शोधणे. ‘तू शोधलेस’ यासाठी ‘बुस्कास्ते’, ‘त्याने शोधले’ यासाठी ‘बुस्को’ आणि ‘मी शोधले’ यासाठी ‘बुस्के’ अशी रूपे होतात, आणि ‘बुस्क’ हा धातू तिन्हींत जसाच्या तसा ऐकू येतो. लिहिताना मात्र पहिल्या दोन रूपांत रोमन सी हे अक्षर येते आणि तिसऱ्यात त्याच्या जागी क्यू-यू ही जोडी बसते; कारण सीच्या पुढे ‘ए’ किंवा ‘इ’ हा स्वर आला की तिचा ‘क’ उरत नाही, लॅटिन अमेरिकेत त्याचा ‘स’ होतो. ‘येगार’ म्हणजे पोहोचणे, याच्या ‘येगे’ या रूपात जीपुढे मुका यू घालतात तोही याचसाठी, एरवी तिथला ‘ग’ घशात घासून ‘ख’कडे झुकला असता. ‘आवेरिग्वार’ म्हणजे छडा लावणे, यात यूचा उच्चार मुळातच होत असल्याने ‘आवेरिग्वे’ लिहिताना तो मुका ठरू नये म्हणून त्याच्या डोक्यावर दोन टिंबे द्यावी लागतात. ‘एम्पेसार’ म्हणजे सुरू करणे, याच्या झेडची ‘एम्पेसे’मध्ये सी होते ती मात्र उच्चाराच्या गरजेने नव्हे, तर ‘ए’पूर्वी झेड सहसा लिहू नये या निव्वळ संकेताने.

मराठीत याच्या उलट घडते : ‘माझा’ आणि ‘माझी’ यांत अक्षर एकच राहते, पण पहिला ‘झ’ दंततालव्य, म्हणजे दात व टाळू यांच्या आधाराने उच्चारला जाणारा, आणि दुसरा शुद्ध तालव्य असतो.

काराकासमध्ये जन्मलेल्या आंद्रेस बेयो यांनी 1847 साली चिलीत प्रसिद्ध केलेल्या व्याकरणात, क्रियापद नियमित की अनियमित हे अक्षरांवरून नव्हे तर ध्वनींवरून ठरवावे, असे स्पष्ट बजावले होते. त्याआधी 1823 साली लंडनमध्ये त्यांनी हुआन गार्सिया देल रिओ यांच्यासह एका ध्वनीला एकच अक्षर देणारी लेखनसुधारणा सुचवली होती. ती पूर्णपणे रुजली असती तर ‘बुस्कार’ आणि ‘येगार’ यांची अडचणच उरली नसती. चिलीने 1844 मध्ये तिचा थोडाच भाग स्वीकारला आणि 1927 मध्ये तोही सोडला.

‘लेएर’ म्हणजे वाचणे, याच्या तृतीयपुरुषी ‘लेयो’ या रूपाचा प्रकार निराळा आहे, कारण तिथे दोन स्वरांत सापडलेल्या ‘इ’चा उच्चारातच ‘य’ होतो. खरी अनियमितता ‘तेनेर’, म्हणजे जवळ असणे, यापासून ‘तुवे’ होणाऱ्या रूपांत आहे, जिथे धातूच ओळखू येत नाही. पाठांतर करायचे ते या रूपांचे. ‘बुस्के’ आणि ‘येगे’ यांची जागा लेखनाच्या प्रकरणात आहे आणि पाठ्यपुस्तककारांनी ती तिथेच ठेवावीत.