दरडीपलीकडची खुशाली

चक्रीवादळ, महापूर किंवा दरड यांमुळे एखादा मुलूख तुटला की दोन शोध एकदमच सुरू होतात. एक त्या मुलखात, पाण्यात आणि ढिगाऱ्यात. दुसरा दूरच्या शहरात, त्या मुलखातून पोटासाठी बाहेर पडलेल्यांच्या घरोघरी. अटलांटिक महासागरात ज्याला हरिकेन म्हणतात, तेच अरबी समुद्रातले चक्रीवादळ. सप्टेंबर २०१७ मध्ये मारिया नावाच्या हरिकेनने पोर्तो रिको बेटावरचे सुमारे ९५ टक्के मोबाइल टॉवर बंद पाडले. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर राहणाऱ्या बेटवासीयांपैकी अनेकांना आई-वडिलांची खुशाली कळायला कित्येक दिवस लागले. कोकणातले महाड आणि पोलादपूर हे तालुके समुद्रापासून बरेच आत आहेत. तरीही भर पावसाळ्यात या दोन तालुक्यांचेही बेट होते.

याचे कारण तिथल्या भूगोलात आहे. सावित्री नदी महाबळेश्वरात उगम पावते आणि पोलादपूर, महाडवरून बाणकोटच्या खाडीला जाते. महाडजवळ गांधारी तिला मिळते. घाटमाथ्यावर ढग फुटल्यासारखा पाऊस झाला आणि त्याच वेळी खाडीला भरती असली, तर पाण्याला पुढे सरकायला जागा राहत नाही. महाड शहरात यायचे रस्तेही मोजकेच. उत्तरेला माणगावकडून येणारा मुंबई-गोवा महामार्ग, दक्षिणेला कशेडी घाट, पूर्वेला महाबळेश्वरकडचा आंबेनळी घाट आणि भोरकडचा वरंध घाट. महामार्गावर पाणी आणि घाटात दरड, असे दोन्ही एकत्र आले की सगळ्या वाटा बंद.

रस्त्यांपाठोपाठ फोन जातो. वीज गेली की मोबाइलचा टॉवर काही तास बॅटरीवर चालतो, मग डिझेलच्या जनित्रावर. डिझेल पोचवणारी गाडी पुराच्या अलीकडे अडकते, रस्ता खचला तर त्याच्या कडेची केबलही तुटते. मग धडधाकट माणसाचा फोनही संपर्क क्षेत्राबाहेर जातो. शहरातल्या नातेवाइकाच्या कानावर मात्र तीच ध्वनिमुद्रित सूचना पुन्हा पुन्हा पडते आणि तिचा तो वाईटच अर्थ लावतो. फोन न लागणे ही टॉवरची बातमी असते, माणसाची नव्हे, हे अशा वेळी पटणे अवघड जाते. गावातला जो कोणी मोटरसायकलच्या बॅटरीवर फोन चार्ज करून रेंजसाठी उंच जागी चढतो, तोच साऱ्या वाडीचा बातमीदार होतो. स्वतःच्या घरी फोन लावण्याआधी त्याला दहा घरांचे निरोप द्यावे लागतात.

हे निरोप झेलणारी व्यवस्था मुंबईत फार जुनी आहे. कोकणातल्या बहुतेक गावांचे, कित्येकदा वाड्यांचेही, मुंबईत मंडळ असते. एरवी त्याचे काम पालखी, पूजा, देवळाचा जीर्णोद्धार आणि वर्गणी एवढेच. आपत्तीत मात्र मंडळाची वही उपयोगी पडते. कोणत्या घरात म्हातारी एकटी आहे, कोण आजारपणामुळे आधीच शहरात आले आहे, कोणाकडे पाहुणे उतरले आहेत, हे सरकारी यादीत नसते. भावकीला ते ठाऊक असते.

मात्र शोधणारे आणि ज्यांचा शोध घ्यायचा ते, दोघेही एकाच वेळी अडकले तर ही व्यवस्थाही कोलमडते. जुलै २००५ मध्ये तसेच झाले. २५ आणि २६ जुलैच्या पावसात महाड तालुक्यात दासगाव, जुई, रोहन आणि कोंडिवते येथे दरडी कोसळून दीडशेहून अधिक माणसे गेली. २६ जुलैलाच सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबई स्वतःच बुडाली. गावाकडे निघायला गाडी नव्हती आणि विचारायला फोन नव्हता.

२२ जुलै २०२१ रोजी महाड शहर पुन्हा पाण्यात गेले. त्याच दिवशी दुपारनंतर महाड तालुक्यातील तळिये गावात डोंगराचा कडा वाडीवर आला. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडी येथेही दरडी कोसळल्या. पूर आणि खचलेले रस्ते यांमुळे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पथके तळियेत दुसऱ्या दिवशी पोचली. तोवर आसपासच्या गावकऱ्यांनी हाताला लागेल त्या अवजाराने माती उपसायला सुरुवात केली होती. शोध थांबवला तेव्हा तीसच्या आसपास माणसे बेपत्ताच होती. त्यांना धरून मृतांचा आकडा ऐंशीच्या पुढे गेला.

अशा वेळी सर्वांत निकडीचा कागद म्हणजे यादी. घर क्रमांक आणि मतदार यादी यांवरून राहणाऱ्यांची नावे मिळतात, पण त्या दिवशी घरात कोण होते हे मिळत नाही. म्हणून मुंबईहून येणारी प्रत्येक विचारणा यादी दुरुस्त करते. एकाच आडनावाची अनेक घरे आणि एकाच नावाची दोन-तीन माणसे ज्या वाडीत असतात, तिथे नुसत्या नावाने काम भागत नाही. वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव, वाडी, वय, अंगावरची खूण आणि शेवटचे बोलणे कधी झाले, इतके सांगितले तर ओळख पटते. कधी तर यादीच नसते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला आणि दोन एसटी गाड्या नदीत गेल्या. साध्या तिकिटावर प्रवाशाचे नाव नसते. त्यामुळे आत कोण कोण होते, हे घरी न पोचलेल्यांच्या नातेवाइकांकडूनच जुळवावे लागले.

विचारणा कुठे करायची, हेही ठरलेले आहे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार जिल्हाधिकारी हे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आहे. शहरातून तिथे नाव नोंदवले की ते तहसील आणि पोलीस ठाण्याकडे जाते. एका घरातून एकानेच विचारावे आणि माणूस सापडल्यावर तेही कळवावे. नाहीतर सुखरूप असलेल्याचा शोध चालू राहतो आणि खऱ्या बेपत्ताचे नाव मागे पडते.

फोनच लागत नाही, या अडचणीवर जपानने शोधलेला उपाय साधा आहे. १९९५ च्या कोबे भूकंपानंतर तिथे १७१ हा क्रमांक सुरू झाला. संकटातला माणूस आपला निरोप ध्वनिमुद्रित करून ठेवतो आणि नातेवाईक सवडीने तो ऐकतात. दोघांचे फोन एकाच क्षणी लागण्याची गरज उरत नाही. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर अंदमानातून हौशी रेडिओचालकांनीही खुशालीचे निरोप मुख्य भूमीवर पोचवले होते.

ज्यांची खबर कधीच येत नाही, त्यांच्यासाठी कायद्याची वाट आहे. एरवी सात वर्षे ठावठिकाणा न लागलेली व्यक्ती मृत मानता येते. २०१३ च्या केदारनाथ प्रलयानंतर आपत्तीतील बेपत्तांसाठी जवळची वाट काढण्यात आली. बेपत्ता असल्याची तक्रार, चौकशी, नावे प्रसिद्ध करून हरकती मागवणे आणि मग मृत्यूचा दाखला. त्याशिवाय मदतीची रक्कम मिळत नाही आणि सातबाऱ्यावर वारसाची नोंदही होत नाही. तळियेतही प्रशासनाने बेपत्तांना मृत घोषित केले, तेव्हा ज्यांचा देह हाती लागला नाही त्यांच्या घरच्यांची विचारपूस कागदोपत्री संपली.