आधी वीजबिल मागा



पदवीदानाच्या या झग्यात तुम्ही घामाघूम झाला आहात, तेव्हा थोडक्यात बोलतो.

हवामान बदलाचा विषय निघाला की तरुण मुलं विचारतात, “मी एकट्यानं काय करायचं?” आणि आपण त्यांच्या हाती कापडी पिशवी आणि एक रोप देतो. दोन्ही चांगलं, पण त्यासाठी पदवी लागत नाही. मी तुम्हाला उलट विचारीन : तुम्हाला काय येतं आणि तुमचा शब्द कुठे चालतो?

विलासराव साळुंखे यांचंच पाहा. ते पुण्यातले अभियंते, कारखानदार. 1972 च्या दुष्काळात त्यांनी पुरंदर तालुक्याचे हाल पाहिले. नायगावला देवस्थानची पडीक जमीन भाडेपट्ट्यानं घेतली, माती-पाणी अडवलं. इथवर पुष्कळ जण पोचतात. साळुंखे पुढे गेले ते वाटपाच्या नियमांमुळे. त्यांनी उभ्या केलेल्या पाणी पंचायतीत पाण्याचा हक्क जमिनीवर नव्हे, माणसांवर ठरला : माणशी अर्ध्या एकरापुरतं, कुटुंबाला फार तर अडीच एकरांपुरतं. भूमिहीनालाही वाटा. उसाला बंदी. महाराष्ट्रात उसाला ‘नाही’ म्हणणं धरण बांधण्याहून अवघड, हे तुम्हाला ठाऊकच आहे!

हिवरे बाजारचे पोपटराव पवार तर वाणिज्य शाखेचे, एम.कॉम. त्यांच्या गावात दरवर्षी पाऊस मोजतात, पाण्याची जमा मांडतात, माणसं, जनावरं, शेती असा खर्च लिहितात. ग्रामसभा तो हिशोब पाहते, मग पिकं ठरतात. पाऊस हुलकावणी देऊ लागल्यानं आज अनेक गावांना हेच शिकावं लागणार आहे.

वाणिज्यच्या मुलांनो, सेबीच्या नियमानुसार 2022-23 पासून बाजारमूल्यानं पहिल्या 1000 सूचिबद्ध कंपन्यांना वीज, पाणी आणि हरितगृह वायूंचा हिशोब द्यावा लागतो. त्या हिशोबाचा तक्ता भरायला तुमच्यातलंच कुणी बसेल. साहेब म्हणतील, “मागच्या वर्षीचाच चिकटव.” तेव्हा मूळ बिलं मागून घ्या. अभियंत्यांनो, गरजेपेक्षा मोठा पंप बसवायची आपल्याकडे हौस आहे. आपली बरीचशी वीज अजून कोळशातूनच येते. योग्य मापाचा पंप लिहून दिलात, तर ती बचत वर्षानुवर्षं चालू राहते.

सरकारनं करायचं ते सरकारनंच करायला हवं. तो आग्रह सोडू नका. पण सरकारच्या वाटेकडे डोळे लावून हातावर हात ठेवून बसू नका.

ज्यांना अजून नोकरी नाही, त्यांनी आपल्या सोसायटीच्या किंवा ग्रामपंचायतीच्या पुढच्या सभेला जावं. ज्यांना मिळाली आहे, त्यांनी पहिल्याच महिन्यात आपल्या कार्यालयाचं वर्षभराचं वीजबिल मागावं. दिलं नाही, तर पुन्हा मागावं.